आमच्या देवीचं गाव

बाबांना डब्लिनला, सँट्रीतल्या आमच्या घरी येऊन दहा दिवस झाले होते आणि तेवढ्यात आमच्या कुलदेवीची तीन गावं होऊन गेली होती.

पहिलं गाव त्यांनी विमानतळावरून घरी येताना गाडीतच सांगितलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे, फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायी. मी घरी आल्या आल्या ते फोनमध्ये लिहून ठेवलं. चार दिवसांनी जेवताना नवऱ्याने सहज विषय काढला, तर देवी दर्यापूरकडे नदीच्या काठी गेलेली. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल, वय झालं. दहाव्या दिवशी माझ्या मुलीने चहाच्या वेळी विचारलं, तेव्हा ती थेट मेहकरच्या घाटावर जाऊन बसली.

माझे वडील एस.टी.त कंट्रोलर होते. अकोटच्या स्टँडवर खिडकीमागे बसून त्यांनी जन्मभर गाड्या सोडल्या. वऱ्हाडातल्या कुठल्या फाट्यावर कुठली गाडी थांबते आणि कुठली हात दाखवला तरी थांबत नाही, हे ते आजही घडाघडा सांगतात. जगाची गावं ज्याला पाठ, तो माणूस आपल्याच देवीचं गाव चुकतो, याचा मला एकच अर्थ लागत होता आणि तो मला नको होता.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. एकच गोष्ट तीनदा केली आणि तीनदा वेगळं उत्तर आलं, तर आमच्याकडे त्याला दोष म्हणतात. तो सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. हा माझा स्वभाव ऑफिसात चालतो, घरात त्याचा सगळ्यांना जाच होतो, आणि हे मला माहीत असूनही मी तशीच आहे.

गाव हवं होतं ते नवसासाठी. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. डब्लिनच्या हॉस्पिटलात ती काचेच्या पेटीत नळ्या लावून पडलेली, मी बाहेर खुर्चीवर, आणि आई तिकडे अकोटला फोनवर. एका सकाळी आई म्हणाली, "मी बोलली देवीले. पोट्टी जगू दे, चालू दे, मग तिले तुझ्या पायावर आणून घालतो म्हटलं." पोट्टी जगली. चालली, धावली, आता नऊ वर्षांची आहे आणि काठी घेऊन कमोगी हा इथला हॉकीसारखा खेळ खेळते, गुडघे फोडून घेते. आई दर फोनला आठवण करायची. आमची भारताची दर वारी दहा दिवसांची, त्यात कुणाचं लग्न, कुणाचा दात, पासपोर्टची कामं. मी म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि पुढची वेळ माझ्या एकटीच्या गळ्यात राहिली.

देव मानते की नाही, हे मला या वयातही ठरवता आलेलं नाही. नवस मानते, असं मात्र दिसतं. कारण आई गेल्यापासून मुलीला साधा ताप आला तरी थर्मामीटर शोधायच्या आधी मला तो नवस आठवतो. याची मला लाजही वाटते आणि रागही येतो.

म्हणून यंदा ईस्टरच्या सुट्टीत बाबांबरोबरच मी आणि मुलगी जाणार होतो. तिकिटं झाली होती. नागपूरला उतरल्यावर न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याचा रोज मेसेज यायचा, "ताई, गाव कोणतं ते सांगून ठेवजा. त्या हिशेबानं निघू." आणि मी रोज लिहायचे, उद्या सांगते.

नवऱ्याच्या घराण्याच्या देवीचं असं काही नाही. तिचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे भक्तनिवास आहे, गाड्या लावायला मैदान आहे. नवरा म्हणाला, "अगं, सगळ्या देव्या एकच. आमच्याकडे फेडून टाक ना." मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

गाव माहीत नसलं तरी आमच्या घराण्याची गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. आमचा मूळपुरुष कुठून तरी लांबून निघाला. दुष्काळ म्हणून की लढाई म्हणून, ते बाबांच्या त्या दिवशीच्या लहरीवर. देवीने त्याला सांगितलं, तू पुढे चाल, मी मागून येते. पण वळून पाहू नकोस, पाहशील तिथे मी थांबले. तो चालत राहिला. मागून तिच्या जोडव्यांचा आवाज येत होता. एके ठिकाणी त्याने वळून पाहिलंच, आणि देवी तिथेच राहिली. पुण्याला शिकायला गेल्यावर मला कळलं, की ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांची आहे. आपली म्हणून जपलेली साडी चारचौघींच्या अंगावर दिसावी तसं मला झालं होतं.

तरी आमच्या गोष्टीत दोन गोष्टी निराळ्या होत्या. बाकीच्या देव्यांच्या पायात पैंजण असतात, आमच्या देवीच्या पायात नुसती जोडवी. आणि तो का वळला, हे इतर ठिकाणी पक्कं असतं, आमच्याकडे कधीच पक्कं नव्हतं. कधी नदीची वाळू लागली आणि जोडवी वाजेनाशी झाली. कधी कुणी हाक मारली. कधी पायात काटा मोडला. लहानपणी मला याची मजा वाटायची. आता वाटेना.

आणखीही काही गोष्टी होत्या, ज्यांचा मी कधी नीट विचारच केला नव्हता. माझ्या लग्नात गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कश्यप म्हणा." ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्याने कश्यप सांगायचं, ही रीत मला पुढे सासूबाईंकडून कळली. त्यांनी ती सहज म्हणून सांगितली की मुद्दाम, ते मला अजून समजलेलं नाही. आणि आई. दर नवरात्रात अष्टमीला आई ताटात खण, नारळ आणि तांदूळ घेऊन देवळात जायच्याऐवजी कापूस बाजाराच्या फाटकाशी जायची. तिथे जी बाई दिसेल तिची ओटी भरायची. सांडलेला कापूस वेचणारी, चहाची टपरीवाली, बैलगाडीवर बसून आलेली, कोणीही. आणि तिच्या पाया पडायची. माझ्या वर्गातल्या मुली त्याच रस्त्याने जायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी विचारलं तर म्हणायची, "आपली देवी लांब आहे. इथून पोचते तिले."

तर तीन गावं झाल्यावर मी बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांना सांगितलं, रक्तदाब बघायचाय. डॉक्टरीण हसरी होती. तिने त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाली. बाबांनी सुरेख गोल काढला, काटे काढले आणि मला म्हणाले, "या टायमाले अकोला गाडी सुटते, सांग त्यांना." मी सांगितलं. तिने तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, पाच मिनिटांनी त्यांनी ते उलटे सुलटे दोन्ही म्हणून दाखवले. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ही इज ग्रँड."

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "ग्रँड म्हणजे पास का नापास?"

"पास."

"मग तुझं तोंड काहून उतरलं?"

डोकं शाबूत आहे हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मग ती तीन गावं कुठून आली? शाबूत डोक्याचा माणूस आपल्या पोरीशी, आपल्या मेलेल्या बायकोच्या नवसाच्या बाबतीत, तोंडाला येईल ते का सांगतो? बसमध्ये ते माझ्या शेजारी बसून खिडकीतून स्टॉपांची नावं वाचत होते.

त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेत आजीआजोबांचा दिवस होता. तिच्या वर्गात तेव्हा आयर्लंडची जुनी गोष्ट चालू होती, की या बेटावर माणसं आली कशी. मुलगी रोज जेवताना एकेक टोळी आणून आमच्यासमोर बसवायची, आणि मी ते बाबांना मराठीत सांगायचे. सगळ्यात आधी एक बाई आली, पन्नास बायका आणि तीन पुरुष घेऊन, जगबुडी चुकवायला. ते सगळे बुडाले, एक सोडून. मग दुसरे आले, ते रोगाने मेले. मग पिशव्यांतून माती वाहणारे गुलाम पळून आले, त्याच पिशव्यांच्या होड्या करून. मग जादू येणारे आले आणि त्यांनी आपली जहाजं किनाऱ्यावरच जाळली, परत जायला नको म्हणून. शेवटी स्पेनहून एका माणसाचे मुलगे आले, आणि जादूवाले टेकड्यांच्या पोटात राहायला गेले.

"म्हणजे इथलं मूळचं कोणीच नाही?" बाबांनी विचारलं.

"नोप," मुलगी म्हणाली. "दे ऑल केम फ्रॉम समव्हेअर एल्स, आजोबा."

बाबा खूश झाले. "आणि हे लिहिलं कोणी?"

लिहिलं मठातल्या साधूंनी, कितीतरी शतकांनंतर. टीचरने त्यांना हेही सांगितलं होतं, की आपण कुठले हे त्या साधूंनाही माहीत नव्हतं. माहीत नाही असं लिहायला बरं वाटेना, म्हणून त्यांनी सगळ्यांची नाळ नेऊन थेट जगबुडीशी जोडली. बाबांनी घास हातात तसाच ठेवून हे ऐकलं. मग म्हणाले, "हुशार होते बाप्पा," आणि जेवायला लागले.

शाळेत बाबांनी आमची गोष्ट सांगायची, मी तिचं इंग्रजी करायचं, असं ठरलं. मला खरं तर नको होतं. पण मला वाटलं, वर्गासमोर त्यांना एकच गाव सांगावं लागेल, आणि जे सांगतील ते मी धरून ठेवीन. म्हातारा बाप आणि मी त्याला कोंडीत पकडायला बघत होते. आज आठवलं की मला माझीच चीड येते.

वर्गात पंचवीसेक मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. भिंतीवर होड्यांची चित्रं. आमच्या आधी एका आजींनी कासलबार गावाजवळचं आपलं शेत, तिथली गाय आणि गाईचा स्वभाव सांगितला. मग बाबा उठले. त्यांनी कोट घातला होता, तो इथे आल्यापासून पहिल्यांदा. खुर्चीवर न बसता ते फळ्यापाशी उभे राहिले, आणि गाडी लागल्याची घोषणा करावी तशा आवाजात सुरू झाले.

"एक होता पोरगा," ते म्हणाले.

मी थबकले. आमच्या गोष्टीत नेहमी पुरुष असायचा. म्हटलं, मुलांसाठी बदललं असेल, आणि इंग्रजीत पोरगाच सांगितला. पुढचं सगळं ओळखीचं होतं. देवी म्हणाली, पुढे चाल. देवी म्हणाली, वळून पाहू नको. जोडवी वाजत होती. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. त्याने वळून पाहिलं आणि देवी राहिली, असं सांगून बाबा थांबले. गाव त्यांनी सांगितलंच नाही.

मग पुढे बसलेल्या दोन वेण्यांच्या एका मुलीने हात वर केला. त्याला एवढं सांगितलं होतं, तरी तो का वळला?

मी बाबांना विचारलं. वाळू, हाक की काटा, यांतलं काय येतंय याची वाट बघत मी इंग्रजी वाक्य जुळवून तयार होते.

बाबा म्हणाले, "मागं कोणी नव्हतं म्हणून."

मला वाटलं, त्यांची जीभ घसरली. मी हळूच म्हटलं, "बाबा, मागे देवी होती."

"नव्हती ना. कोणीच नव्हतं. म्हणून तर वळला."

पंचवीस मुलं माझ्याकडे बघत होती. मागे कोणी नसेल तर देवी कुठे गेली, देवी नसेल तर देऊळ कसलं आणि मी तिकीट काढून निघाले कुठे? मी घाईघाईने मुलांना सांगितलं, की त्याला तिच्या पावलांचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्याने वळून पाहिलं.

"दॅट्स नॉट व्हॉट ही सेड," मागून माझीच मुलगी म्हणाली. ती घरात मराठीचा एक शब्द बोलत नाही, पण कळतं तिला सगळं. ती उभी राहिली आणि तिने वर्गाला सांगितलं, की आजोबा म्हणाले, तिथे कोणीच नव्हतं.

टीचरने मृदू आवाजात विचारलं, मग त्या मुलाने काय केलं?

मुलीने तो प्रश्न बाबांना नुसत्या डोळ्यांनीच विचारला असावा, कारण ते तिच्याकडेच बघून बोलले. "काय करंल? मोठा झाला. लग्न केलं. मी झालो."

तिने तेही इंग्रजीत सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्याजवळ तशीच उभी होते, आणि आमचा शेकडो वर्षांपूर्वीचा मूळपुरुष माझ्या डोळ्यांदेखत माझा आजोबा होऊन बसला होता.

शाळा सुटल्यावर आम्ही पायी घरी निघालो. मुलगी पायाने ढकलायच्या स्कूटरवर पुढे, बाबा आणि मी मागे. वारा समोरून येत होता. कोपऱ्यापर्यंत मी दम धरला.

"बाबा, तो पोरगा म्हणजे आजोबा?"

"हो."

"आणि देवी?"

बाबांनी मफलर नीट केला. "त्याची माय."

मग त्यांनी मला चालता चालता सांगितलं. त्यांचे वडील तेव्हा पाचेक वर्षांचे. आईचा हात धरून ते दोन दिवस चालत होते, की तीन, ते त्यांना आठवत नसे. कापसाचा हंगाम होता. अकोटच्या बाजाराच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागलेली. तिथे आईने हात सोडला आणि म्हणाली, तू चाल पुढं, मी येऊन राहिली मागून, वळून पाहू नको. ते गाड्यांच्या मधून चालत गेले. जोडव्यांचा आवाज थोडा वेळ येत होता. मग येईना. त्यांनी वळून पाहिलं तर बैल होते, गाड्या होत्या, माणसं होती, ती नव्हती. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रखवालदाराने त्यांना फाटकाजवळ उभं पाहिलं आणि घरी नेलं. पुढे त्यानेच वाढवलं, त्याचंच आडनाव लावलं. गाव कोणतं विचारलं तर पोराला सांगता येईना.

"मग त्याच्या लग्नाच्या वेळी लोक विचारायला आले," बाबा म्हणाले. "कूळ कोणतं, देवी कोणती. रखवालदारानं कश्यप सांगून दिलं. देवीचं मात्र माह्या बाबानं स्वतः सांगितलं. हेच सांगितलं, जे मी तुले आत्ता सांगितलं. फक्त माय काढून देवी घातली."

"त्यांना तिचा राग नव्हता?"

"होता ना. देवी असली म्हणजे राग धरता येत नाही, म्हणून केली असंल देवी. मले काय माहीत? त्यानं मले एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाव नाही काढलं."

मला आजोबांचं वाईट वाटायला हवं होतं, पण आधी आला तो संताप. "आणि तुम्ही मला मूर्तिजापूर सांगता! दर्यापूर सांगता! मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं, बाबा. मला वाटलं तुम्ही विसरायला लागलात."

"तू गाव विचारलं," ते शांतपणे म्हणाले. "मी गावं सांगितली. तुझ्या नवऱ्यासमोर, सासरच्यासमोर काय सांगू? आमचा मूळपुरुष बाजारात सापडला म्हणून?" मग म्हणाले, "एखाद्या गावावर तू राजी झाली असती तर तिथल्या देवीपाशी जाऊन आलो असतो आपण. काय बिघडलं असतं? पण तू पडली चिवट."

ते खरंच होतं. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं, आणि वाऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी येतंय असं समोरून येणाऱ्या माणसाला वाटावं म्हणून मी उगाच मान खाली घातली.

"हे तरी खरं ना?" मी विचारलं. त्यांच्या इतक्या गोष्टी झाल्या होत्या, की मला आता कशावर हात ठेवावा कळेना.

"पाच वर्षांच्या पोराले जेवढं आठवलं तेवढं खरं."

"आईला माहीत होतं?"

"तिले तर माह्या आधी माहीत. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात तिनं सासऱ्यालेच विचारलं, मामंजी, ओटी कुठं पाठवायची? त्यानं तिले सगळं सांगितलं. सून होती, परकी होती, तिले सांगता आलं असंल. तेव्हापासून तिनं ते फाटक धरलं. मी म्हटलं, अवो, ती बाई कधीची मेली असंल. तर म्हणे, ती नसली तरी तिची कोणी असंल. आपल्याले ओळखता येत नाही, म्हणून जी दिसंल तिची भरायची."

मी रस्त्यातच थांबले. खण, नारळ, तांदूळ. टपरीवालीच्या पायांवर वाकलेली आई, आणि रस्त्याच्या पलीकडे तोंड फिरवून उभी असलेली मी. काचेच्या पेटीतल्या माझ्या पोरीसाठी ती बोलली होती ते याच बाईला. आपलं मूल सोडून गेलेल्या बाईला तिने माझं मूल राखायला सांगितलं होतं. हे शहाणपण होतं की वेडेपणा, मला सांगता येणार नाही. मी पुष्कळदा ते दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं आहे.

मुलगी पुढच्या वळणाशी पोचली होती. तिथे थांबायचं, मागे वळून आम्ही दिसतो का बघायचं आणि मगच वळायचं, असं मी तिला ती पाच वर्षांची असल्यापासून शिकवलेलं आहे. तिने एक पाय टेकवला आणि वळून पाहिलं.

बाबांनी हात उंच केला आणि स्टँडवरच्या आवाजात ओरडले, "आहोत वो माय, मागंच आहोत!"

तिने हेल्मेट सारखं केलं आणि वळली.

घरी आल्यावर बाबा कोट काढून आडवे झाले. मी चहा ठेवला आणि फोन हातात घेतला. गाडीवाल्याचा त्या दिवशीचा मेसेज येऊन पडला होता, "ताई, गाव?" मी लिहिलं, अकोट, कापूस बाजाराचं जुनं फाटक.

त्याचं उत्तर लगेच आलं. "तिथं देऊळ नाही ना ताई. कोणाकडे जायचं आहे?"

चहा उतू गेला तरी मी ओट्याशी तशीच उभी होते. मग लिहिलं, "पणजीकडे."

त्याने अंगठा पाठवला.